आमची वाटचाल : माळ फाडायचा, उलथायचा नाही

नांगर आणि रोटाव्हेटर भाड्यानं देण्यापासून आमचा व्यवसाय सुरू झाला. आज पारनेर, आष्टी, पाटोदा भागातले उजाड मुरमाड माळ गवत-झाडांसाठी तयार करणं हेच आमचं मुख्य काम आहे.

अशा माळावर वीतभर माती असली तरी पुष्कळ. पलटी नांगर घातला की तीही मुरमाखाली जाते. रोटाव्हेटर तिचा भुगा करतो, पहिल्या सरीनंतर त्यावर पापुद्रा धरतो आणि गवताचा नाजूक कोंब आतच अडकतो. म्हणून माळावर ही दोन्ही अवजारं बंद करून आम्ही एका दांड्याचा सबसॉयलर घेतला, म्हणजे माती न उलथता खोल चीर मारून खालचा कठीण थर फोडणारं अवजार. फाळ ७-८ सेंमी रुंद, ओढायला ५५-६० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर.

जितकं खोल तितकं चांगलं, हा समज आम्हाला महागात पडला. फाळाच्या रुंदीच्या साधारण पाच-सहा पटींपेक्षा खोल गेलं की माती वर उचलली जात नाही, बाजूला दाबली जाते. डिझेल तेवढं जळतं. आता ४०-४५ सेंमीवर थांबतो. फाळाला दोन्ही बाजूंनी पंख जोडल्यापासून तेवढ्याच खोलीत जास्त रुंद पट्टा मोकळा होतो. ट्रॅक्टरवर ओढ मात्र वाढते.

भाडं आधी तासावर होतं, मग चिरेच्या लांबीवर, दर मीटरप्रमाणे आणलं. तेव्हा चालक उथळ चालवून अंतर कापू लागले. तेव्हापासून सळईची तपासणी आली. चिरेपासून वीतभर बाजूला लोखंडी सळई हातानं दाबायची. ती निम्म्या खोलीपर्यंतही गेली नाही, तर तिथं नुसती चीर पडलीय, माती फुटलेली नाही. त्या चिरेचं बिल आम्ही लावत नाही.

काम एप्रिल-मेमध्येच. खालची माती मुठीत दाबून गोळा झाला तर यंत्र उभं करतो. ओलीत फाळ चिरेच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत करतो आणि मुळं त्यात शिरत नाहीत. रेषा समतलच, म्हणजे उताराला आडव्या आणि एकाच पातळीवर हव्यात: पाण्याच्या नळीनं पातळी काढायची, फक्की टाकायची, घळीपाशी फाळ उचलायचा. उताराच्या दिशेनं मारलेली चीर पावसाळ्यात स्वतःच घळ होते. दोन चिरांमध्ये २-३ मीटर जागा तशीच ठेवतो, कारण तिथल्या कुसळी गवताच्या मुळांनीच उरलीसुरली माती धरलेली असते.

शिअर बोल्ट, म्हणजे जास्त ताण आला की आधी तुटून अवजार वाचवणारा बोल्ट, सारखा तुटतो म्हणून काही जण जास्त कडक बोल्ट घालतात. मग खडक लागला की बोल्टऐवजी दांडा वाकतो. बोल्ट तुटण्यासाठीच असतो; योग्य ग्रेडचे दहा-बारा डब्यात ठेवावेत. मुरमात फाळाचं टोक झपाट्यानं झिजतं, त्यावर हार्ड फेसिंगचं (झीज सोसणाऱ्या कडक धातूच्या थराचं) वेल्डिंग वेळेवर करावं.

चीर मारली की लगेच रोप लावायचं नाही. आत पोकळ्या असतात, मुळं हवेत लोंबकळून वाळतात. एक-दोन दमदार पावसांनी माती बसली की चिरेच्या कडेला लावायचं. गवतासाठी पवन्या, मारवेल, अंजन यांचं मागच्या हंगामातलं बी घेतो. ताजं बी नीट उगवत नाही. या गवतांचं बी केसाळ असल्यानं पेरणी यंत्रात अडकतं. म्हणून चाळलेल्या ओलसर मातीत कालवून हातानं फोकायचं आणि वरून काटेरी फांदी ओढायची. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेलं बी वाया गेलं असं समजा.

तीस सेंटिमीटरच्या आत पाषाण लागला तर तिथं फाळ घालत नाही. आणि पहिले दोन पावसाळे चराई बंद ठेवायला मालक किंवा गाव तयार नसेल, तर आम्ही ते काम घेत नाही.