कारखाना कोणाचा होता?

शनिवारी वाचनालयात मुलांना बाहुल्यांचे जुने ॲनिमेशनपट दाखवते, त्यातले बरेचसे सोव्हिएत आणि पूर्व जर्मन. पालकांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "पण हा सगळा सरकारी प्रचारच ना?"

होता की! पूर्व जर्मनीचा झांडमेन्शन, म्हणजे रोज संध्याकाळी मुलांना झोपवायला येणारा दाढीवाला बुटका, २२ नोव्हेंबर १९५९ला टीव्हीवर आला. पश्चिम जर्मनीत तसाच कार्यक्रम येतोय अशी कुणकुण लागली, म्हणून घाईघाईने. १९७८मध्ये पूर्व जर्मन अंतराळवीर झीगमुंड येन अंतराळात गेला तेव्हा ही बाहुलीही बरोबर नेली. पण सुरुवातीला झांडमेन्शन बर्फात रस्त्याच्या कडेलाच झोपी गेलेला दिसला, तर मुलांनी पत्रं लिहून त्याला आपापला बिछाना देऊ केला. हे काही वरून आलेल्या आदेशाने होत नाही.

माझा जीव मात्र सोव्हिएत दिग्दर्शक रोमान काचानोव्हच्या चेबुराश्कावर, म्हणजे मोठ्या कानांच्या एका अनोळखी प्राण्यावर आणि त्याचा मित्र गेना मगरावर. १९६९च्या पहिल्या भागातला गेना मगर प्राणिसंग्रहालयात मगर म्हणून नोकरी करतो, घरी येऊन एकटाच बुद्धिबळ खेळतो आणि शेवटी 'मित्र हवेत' अशा जाहिराती लावतो. सामूहिक जीवनाचे गोडवे गाणाऱ्या देशात मुलांसाठी असा एकाकी नायक! १९७४च्या भागात तर एक कारखाना नदीत घाण सोडतो आणि गेना त्या पाइपचं तोंड स्वतःच्या अंगाने बंद करतो. आता सांगा, त्या देशात कारखाना कोणाचा असणार? (मधल्या, १९७१च्या भागात गेना आणि चेबुराश्का दोघांना पायोनियर, म्हणजे कम्युनिस्ट बालसंघटनेचे सदस्य, व्हायचं असतं. तिथे प्रचार उघड दिसतो, आणि मुलं तिथेच चुळबुळ करतात.)

हे जमलं ते सरकारी पगारामुळे, असं माझं मत. बाहुली जराशी हलवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. सेकंदाला २४ चौकटी, वीस मिनिटांना २८,८००. एका हालचालीला दोन चौकटी वापरल्या तरी निम्मी हलवाहलव उरतेच. तिकीटबारीकडे डोळे लावून बसलेला निर्माता इतका धीर कुठून आणणार?

म्हणून ती राजवट उदार होती असं मात्र मी म्हणणार नाही. चेकोस्लोव्हाकियात यिरी त्रिंकाने १९६५मध्ये 'हात' हा बाहुलीपट मोठ्यांसाठी केला. त्यात एक अवाढव्य हात एका साध्या कुंभाराला छळून फक्त आपल्याच मूर्ती घडवायला लावतो. १९६९मध्ये त्रिंका गेला, त्याला सरकारी इतमामात निरोप दिला गेला, आणि पुढे त्याच सरकारने 'हात'वर बंदी घातली.