घुमट किती वर्षांचा?

जॉर्डनमधल्या अम्मानच्या किल्ल्यावर आम्ही लोकांना इतिहासासाठी नेत नाही. विमान सकाळी उतरतं, हॉटेलच्या खोल्या दुपारी दोनच्या आधी ताब्यात मिळत नाहीत आणि रात्रभर नीट न झोपलेल्या ३४ माणसांना तोवर कुठेतरी फिरवत ठेवायचं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी जबल अल-कला, म्हणजे ही किल्ल्याची टेकडी. माहितीपत्रकात अर्थातच 'हर्क्युलिसचं मंदिर आणि उमय्यद राजवाडा' असं झोकात छापलेलं असतं.

मी टूर मॅनेजर. लोकांना वाटतं, सगळी माहिती आम्हीच देतो. तिथे बोलायचं ते तिथल्या परवानाधारक गाइडनं, इंग्रजीतून. मी शेजारी उभा राहून मराठीत सांगायचं. त्याची पाच मिनिटं मी दीड मिनिटात उरकतो. कारण लोकांचे प्रश्न दोनच असतात, टॉयलेट कुठे आणि पेट्रा कधी. काय ठेवायचं, काय गाळायचं हे मी ठरवतो आणि ते तपासायला कुणी नसतं.

मार्चमधला ग्रुप. हर्क्युलिसच्या देवळाचे खांब आणि तो भल्यामोठ्या दगडी हाताचा तुकडा, इथेच निम्मे लोक फोटोंसाठी अडकले. राजवाडा टेकडीच्या उत्तर टोकाला. तिथवर पोचलो तेव्हा बरोबर जेमतेम पंधरा जण. दाराजवळच जमिनीत उतरलेली गोल टाकी आहे. पावसाचं पाणी साठवायची. आत उतरायला कडेकडेनं पायऱ्या, मधोमध पाण्याची पातळी मोजायचा खांब. एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आपली बारव." या टाकीवर मी आजवर एक वाक्य खर्च केलं नव्हतं. सगळे घाईनं घुमटाकडे.

प्रवेशाचं दालन फुलीच्या आकाराचं. भिंतींवर ओळीनं कोरीव आंधळे कोनाडे, ती नक्षी इराणी सासानी वळणाची. बाहेर पडलं की राजवाड्याचं आवार, आणि पार पलीकडच्या टोकाला सिंहासनाचं दालन. गाइड नेहमीचं बोलला: साधारण ७३० च्या सुमाराचं बांधकाम, बहुधा उमय्यद घराण्यातल्या खलिफा हिशामच्या काळातलं. राजधानी दमास्कस, इथे राहायचा त्यांचा सुभेदार. पुढे ७४९ चा भूकंप झाला आणि राजवाडा पडला तो पडलाच, वर्षभरात उमय्यदांची सत्ताही गेली. वरचा लाकडी घुमट स्पॅनिश पथकानं १९९८ मध्ये नव्यानं बसवला.

माझं मराठी: "मंडळी, तेराशे वर्षांपूर्वीचा राजवाडा. आता माना वर करा. काय घुमट आहे!"

यात एक अक्षर खोटं नाही. दोन वाक्यं शेजारी ठेवायची, सांधा ऐकणारा स्वतःच भरतो. "तेराशे वर्षं! आणि लाकूड बघा, अजून कसं टिकलंय!" असं दर टूरला कुणीतरी म्हणतंच, आणि मी मान डोलावतो. त्या एका मानेवर दिवसाचा शीण उतरलेला दिसतो हो लोकांच्या चेहऱ्यावरून.

ग्रुपमध्ये कोपरगावकडचे एक तात्या होते. लेक-जावयाबरोबर आलेले, सगळं आयुष्य गवंडीकामात गेलेलं. फोटो काढत नव्हते. तळहात भिंतीवरून फिरवत चालले होते, नव्या दगडाशी आले की थांबायचे, जुन्यावर परत जायचे. मग वर बघून मला हळूच म्हणाले, "हे लाकूड तेराशे वर्षांचं नाही रे."

"कशावरून, तात्या?"

"वरपासून खालपर्यंत रंग एकसारखा आहे. एवढं जुनं लाकूड असं राहतं होय? आणि भिंती बघ. घुमट नुसता खाली दाबत नाही, बाहेर रेटतो. मी असतो तर भिंत याहून जाड घेतली असती. नाहीतर वर काहीच नसतं घेतलं, चौक मोकळा सोडला असता."

परत आल्यावर वाचलं तेव्हा कळलं, अभ्यासकांचा वाद नेमका हाच आहे. तिथे मुळात घुमट होता की ती जागा वरून उघडी होती? माणूस अर्धा तास उभा राहून तिथे पोचला. मी सात वर्षं त्याच घुमटाखाली माणसं मोजतोय.

माझ्याकडून उत्तर आलं नाही तसे ते थेट गाइडकडे गेले. वर बोट केलं, मग हाताचा पंजा हलवून 'कधी?' गाइडनं मोबाइलवर आकडे टाकून दाखवले. एक, नऊ, नऊ, आठ. तात्यांनी ते बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं. चारचौघांत एक शब्द बोलले नाहीत.

बसमध्ये हेडकाउंट झाल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. आता ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत. त्यांनी विषय काढला किल्लारीचा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते तिकडे कामाला गेले होते. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती कशा पडल्या ते सांगत होते. भिंतीची आतली कड आणि बाहेरची कड, दोन्ही सुट्या. आरपार बांधून घेणारा लांब दगड कुणी घातलेलाच नाही, मधे नुसता भराव. हादरा बसला की भिंत पोट काढून फुटते. "इथले गवंडी चांगले होते," म्हणाले. "तरी पडलंच."

मग बराच वेळ खिडकीबाहेर बघून, "आमच्या गावची वेस मी बांधलीय. सत्त्याऐंशी साली. जुनी पडली होती, तिचेच दगड वापरले. आता पोरं पाहुण्यांना सांगतात, पेशवाईतली आहे."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी कशाला काय म्हणू?"

यात मला माफी होती की टोमणा, हे अजून कळलेलं नाही.

ऑक्टोबरच्या ग्रुपला मी खरं सांगितलं. गाइडचं वाक्य संपलं, मी जसंच्या तसं मराठीत आणलं: घुमट १९९८ चा. एका ताईंनी वर धरलेला मोबाइल खाली घेतला. "म्हणजे आमच्या सोसायटीपेक्षा नवा?" सगळे हसले, मीही हसलो, आणि चार मिनिटांत दालन रिकामं. कोनाड्यांवर यायला मला वेळच मिळाला नाही. फीडबॅक फॉर्मवर तिघांनी लिहिलं की किल्ल्यावर बघण्यासारखं काही नाही. ऑफिसातून विचारणा आली, त्याऐवजी मॉल ठेवायचा का? ऑफिसात बसणाऱ्यांना कुठल्याही अवशेषाला मॉल हाच उतारा सुचतो.

फेब्रुवारीत पुढचा ग्रुप आहे. आधी टाकीपाशी थांबायचं, पायऱ्या दाखवायच्या, 'बारव' हा शब्द स्वतःच टाकायचा. मग कोनाडे, मग भूकंप, घुमट सगळ्यात शेवटी. अकरा मिनिटं बसतात, आरशासमोर बोलून बघितलंय.

तात्यांचा नंबर रूमिंग लिस्टवर आहे. एकदा फोन करून विचारायचंय, त्या वेशीखालून जाताना ते मान वर करून बघतात का.