वाळवंट बघायला गेलो आणि सांगोल्याचा माळ भेटला

शुक्रवारी दुपारी जोधपूरचं ऑफिसचं काम संपलं आणि परतीचं फ्लाइट होतं थेट सोमवारी. हॉटेलवर बसून मिरचीवडे तरी किती खाणार. सोबतचा कलीग नागपूरचा, तो म्हणाला जैसलमेर इथून पावणेतीनशे किलोमीटर आहे बे, काहून बसलाय इथं, चल. झालं, एवढंच प्लॅनिंग. शनिवारी पहाटे भाड्याची छोटी हॅचबॅक घेऊन निघालो, दोघांत मिळून स्वेटर एक आणि मफलर एक, कारण वाळवंटात थंडी असते हे डोक्यातच नव्हतं आणि महिना होता डिसेंबर.

मी सांगोल्याकडचा. वाळवंट म्हटलं की माझ्या डोक्यात नुसती वाळू आणि उंटांची रांग. बालेसर गेलं, देचू गेलं, वाळू काही येईना. मुरमाड जमीन, खुरटी झुडपं, रुई, मधेच शेळ्या, त्यांच्यामागे काठी घेऊन एक म्हातारा. अरे हे तर आमच्या गावामागचं माळरान, यासाठी झोपमोड केली का?

मग चहाला थांबलो तिथं टपरीवाल्याला एका झाडाचं नाव विचारलं. फांद्या सगळ्या छाटलेल्या, झाड एकदम बोडकं. म्हणाला खेजडी. पाला उंट-शेळ्यांना, आणि शेंगा म्हणजे सांगरी, ती आपल्या ताटात (आदल्या रात्री केर-सांगरी खाल्ली होती ती हीच). मोबाइलवर बघितलं तर खेजडी म्हणजे आपली शमी! दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती, गावात शोधावी लागते आणि इथं जिकडे बघावं तिकडे. याच झाडासाठी १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत बिश्नोई समाजाच्या ३६३ माणसांनी जीव दिला, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले ते. आधी वाचलं होतं, पण झाड शमीचं होतं हे तेव्हा कुठं माहीत होतं.

पोखरण आलं. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे नाव पाठ, म्हणून काहीतरी भारी दिसेल असं वाटत होतं, दिसलं साधंसुधं गाव आणि मिठाईची दुकानं. चमचम मात्र खावीच.

जैसलमेरच्या किल्ल्याबद्दल सगळ्यांनी लिहून ठेवलंय, मी काय वेगळं सांगणार. किल्ल्यात अजून लोक राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात, ते मला आवडलं. समच्या वाळूच्या टेकड्यांवर मात्र जीप, डीजे आणि कुरकुरेची पाकिटं, अर्ध्या तासात पळालो.

रविवारी पहाटे रामगढमार्गे लोंगेवाला आणि तनोट. रस्ता म्हणजे सरळ रेषा, गाड्या जवळजवळ नाहीतच. आणि इथं एकदाची रस्त्यालगत वाळू आली. आणि आम्ही माती खाल्ली. फोटोसाठी गाडी रस्त्याखाली फक्त दोन फूट उतरवली, परत चढवताना चाक जागेवर फिरायला लागलं. कलीग म्हणे रेस दे. दिली. गाडी पार पोटावर बसली. हातांनी उकरलं, काटक्या घातल्या, पायपुसण्या घातल्या, पण ती वाळू इतकी बारीक की जेवढी काढावी तेवढी पिठासारखी परत आत यायची.

अर्ध्या तासाने एक पिकअपवाला थांबला. गाडीभोवती एक चक्कर मारली, आमच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, हवा निकालो. मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने खाली बसून व्हॉल्व्हची टोपी काढली, काडीने आतली पिन दाबली, सुस्स्स. चारी टायर निम्मे बसले, पसरले, मग म्हणाला आता रेस न देता हळू. पहिल्या झटक्यात गाडी बाहेर! पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. रामगढला पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा भरा आणि तोवर हळू चालवा, एवढं बजावून गेला.

त्यामुळे लोंगेवाला राहिलं, १९७१ च्या युद्धातले रणगाडे बघायचे होते खूप. तनोटही राहिलं. १९६५ च्या युद्धात तिथल्या देवळाच्या आवारात पडलेले तोफगोळे फुटलेच नाहीत म्हणतात, ते तिथं मांडून ठेवलेत, आणि देऊळ बीएसएफचे जवान सांभाळतात. आम्ही आपले वीसच्या स्पीडने रामगढकडे उलटे.

परतीच्या वाटेवर पवनचक्क्या आणि विजेच्या ताराच तारा. माळढोक पक्ष्याला, म्हणजे तिकडच्या गोडावणला, समोरचं नीट दिसत नाही, तो या तारांना धडकून मरतो. आमच्या सोलापूरला नान्नजला त्याचं अभयारण्य आहे, लहानपणी बाबा दोनदा घेऊन गेले होते. खिडकीतून मान बाहेर काढून तासभर बघत होतो, कलीग वैतागला.

रात्री जोधपूरला पोचल्यावर बाबांना फोन केला.

"दिसला का रे?"

नाही म्हटलं.

"नान्नजला तरी कुठं दिसला होता," म्हणाले, आणि जेवलास का विचारलं.