ताम्हिणीतून दिवेआगर : पावसात मिसिंग मारणारी मारुती आणि तिचं खरं दुखणं

पौड सोडेपर्यंत गाडीची काही तक्रार नव्हती. दुपारी दीडला चांदणी चौकातून निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती. मुळशीचं पाणी दिसायला लागलं, पावसाने जोर धरला आणि पुढच्या पंधरा मिनिटांत गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटेना. सपाटीवर थोडी थरथर, पण चढ आला की झटके. ॲक्सिलेटर जितका दाबावा तितकी ती जास्त गुदमरायची.

गाडी बाबांची, १९९७ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तिनातला एक बसला की गाडी अख्खी हलते, स्टिअरिंगपासून आरशापर्यंत. गेले दोन पावसाळे हेच चाललं होतं. पुण्यात एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करून झाला, ठिणगी पाडणारे प्लग बदलले, मग पेट्रोल पंप बदलला. प्रत्येक वेळी गाडी तिथे रात्रभर छपराखाली उभी राहायची, सकाळी सुरू केली की ठणठणीत. दुखणं कोरड्यात दिसतच नव्हतं, आणि आम्ही मात्र दर वेळी गाडी वाळवूनच दाखवायला नेत होतो.

“अगं, घे बाजूला,” बाबा म्हणाले. वळण संपून रस्ता रुंद झाला तिथे थांबवली, चारही इंडिकेटर लावले. इंजिन बंद करून त्यांनी पंचाने प्लगच्या वायरी एकेक करून पुसल्या, ठिणगीसाठी करंट तयार करणारी कॉईल पुसली, तो करंट एकेका प्लगला वाटून देणाऱ्या डिस्ट्रीब्यूटरची कॅप वरून पुसली. गाडी सुरू केली तर एकदम गुळगुळीत! साधारण दहा मिनिटं. मग पुन्हा तेच. असं चार वेळा थांबलो. एका थांब्यावर बाबा मुळशीच्या पाण्याबद्दल बोलत होते, १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, पाण्याखाली गेलेली गावं. मी ऐकत होते, पण डोक्यात एकच होतं : पुसल्यावर चालते म्हणजे पेट्रोलचा दोष नाही. टाकीत पाणी शिरलं असतं तर बाहेरून फडकं मारून काय फरक पडला असता?

घाट उतरून विळ्यावरून निजामपूरला पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. रस्त्याकडेला एक लहान गॅरेज उघडं होतं. मेकॅनिक वयस्कर. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. आधी विचारलं, “फक्त पावसात का? चढावर जास्त का?” दोन्हीला हो म्हटल्यावर त्यांनी गाडी आत न घेता पागोळीशेजारीच उभी करायला लावली, बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं.

“ताई, आता दिवा घालवतो. लांबूनच बघा, हात लावू नका. ओढणी पंख्यापासून लांब धरा.”

गॅरेजातला बल्ब गेला. त्यांनी केशकर्तनालयात असते तशी फवारणीची बाटली घेतली आणि वायरींवर अगदी बारीक तुषार मारला. दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीवर, रबरी टोपीच्या जरा वर, निळसर दोरा चमकला आणि शेजारच्या लोखंडी ब्रॅकेटवर उडाला. मग टिक, टिक, टिक असा बारीक आवाज. ज्या क्षणी दोरा दिसायचा त्याच क्षणी इंजिन अडखळायचं. दोन वर्षं जे कुणाला सापडलं नव्हतं ते तिथे अंधारात उघडं दिसत होतं.

“काका, कार्बोरेटर चांगला आहे तुमचा. करंट गळतोय,” ते बाबांना म्हणाले.

मग इंजिन बंद करून त्यांनी कॅप उघडली. आतल्या भिंतीवर एका पितळी टोकापासून दुसऱ्याकडे पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी, वाकडीतिकडी रेघ होती. कॅपमध्ये दमट हवेचं पाणी धरतं, त्यावरून ठिणगी घसरते, घसरताना जळून कोळशाची वाट तयार होते, आणि एकदा वाट झाली की करंट कायम तिकडूनच जातो. वायरीचं रबर वाकवून दाखवलं तर त्यावर केसासारख्या भेगा. कोरड्यात त्या भेगा निरुपद्रवी असतात, ओल्यात तोच पूल होतो.

चढावरच का, हेही त्यांनी सांगितलं. ॲक्सिलेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉईल हजारो व्होल्ट पाठवते, पण करंटला प्लगपेक्षा ओलं रबर सोपं वाटतं. प्लगची फट झिजून मोठी झाली असेल तर हे आणखी वाढतं.

त्या रात्री त्यांनी वायरी पुसून, वाळवून, ब्रॅकेटपासून लांब बांधून दिल्या. कॅपमधली काळी रेघ खरवडली. दुसऱ्या दिवशी माणगावात नवी कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर आणि चार वायरींचा संच मिळाला, तीन प्लगच्या आणि एक कॉईलची. सगळं मिळून त्या पेट्रोल पंपापेक्षा स्वस्त पडलं. तिथून मोर्बा, म्हसळा, दिवेआगर. रस्ता ओला, समुद्र खवळलेला, पोफळीच्या बागा ठिबकत होत्या. गाडीने एकदाही मान हलवली नाही.

आता तुम्ही या वाटेने पावसात जाणार असाल तर.

पेट्रोल आणि हवा पुण्यात किंवा पौडला बघून घ्या. मुळशी सोडल्यावर विळ्यापर्यंत गॅरेजची आशा धरू नका, आणि मोबाईलला रेंज मधूनमधून जाते. धबधब्यांच्या गर्दीमुळे शनिवार-रविवारी वळणावर गाड्या उभ्या असतात, म्हणून बिघडलेली गाडी वळणावर थांबवू नका, जमेल तितकी रेटून सरळ रस्त्यावर आणा. सोबत दोन कोरडी सुती फडकी आणि डब्ल्यूडी-४० चा लहान डबा ठेवा. इंजिन बंद आणि थंड असताना वायरींवर, कॅपवर थोडं मारलं की पाणी हटतं. तेवढ्यावर घाट उतरता येतो, पण भेगा त्याने बुजत नाहीत, वायरी बदलाव्याच लागतात.

पुसूनही फरक पडला नाही तर दुसरीकडे बघा. एअर फिल्टरचा कागद भिजून फुगला असेल तर झटके येत नाहीत, गाडीला दम लागतो, सगळ्याच वेगांना. आणि पावसाळ्याआधी काचेखालची जाळी पानं काढून साफ करा. तिथली पाण्याची वाट तुंबली की पाणी नको तिथे सांडतं.

नव्या गाड्यांत डिस्ट्रीब्यूटर नसतो, पण ओलावा तिथेही शिरतो : कॉईलच्या खालच्या रबरात, प्लगच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात, कनेक्टरच्या हिरव्या पडलेल्या पिनांत. इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी रेटू नका, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. गॅरेजातल्या बिघाडाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०३०१ आलं तर पहिला सिलिंडर मिसिंग मारतोय, पी ०३०२ तर दुसरा. सुट्या कॉईल असतील तर त्या दोन सिलिंडरांत अदलाबदल करा. कोड कॉईलबरोबर सरकला तर कॉईल खराब. जागेवरच राहिला तर प्लग, वायरिंग बघा. डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्नच नाही, तिथे आधी फिल्टरमधलं पाणी काढा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनने पाणी ओढलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. ढकलून बाहेर काढा, मेकॅनिकला प्लग काढून बघू द्या.

आणि गॅरेजला गाडी नेताना ओलीच न्या. नाहीतर संध्याकाळी अंधार पडल्यावर स्वतः बघा : एक जण आत, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, दुसरा लांबून फवारा मारणारा. चालू इंजिनच्या वायरीला ओल्या हाताने शिवायचं नाही, झटका जोरदार असतो.

परत येताना ताम्हिणीत आदल्यापेक्षा जास्त पाऊस होता. जिथे बाबांनी पंचा काढला होता तो चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता चढले. जुन्यातली कॉईलची वायर धड होती. ती पिशवीत बांधून डिकीत ठेवली आहे, वाटेत कुणाला लागली तर.