नाशिकहून राणीच्या बागेत, एका दिवसात (दिवाळीच्या सुट्टीतला अनुभव)

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना मुंबई दाखवायचीच असं ठरलं आणि घरात लगेच लिस्ट तयार, गेटवे, म्युझियम, जुहू, राणीची बाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय), सगळं एका दिवसात. मी म्हटलं एकच जागा करू, राणीची बाग, कारण सोबत आई, तिचे गुडघे दुखतात, आणि धाकटा 5 वर्षांचा, आणि सुट्टीतल्या मुंबईत अंतरापेक्षा रांगेतच वेळ जातो. तुम्हालाही हेच सांगेन.

जाताना पंचवटी एक्सप्रेस, नाशिकरोडला सकाळी 7 च्या सुमारास येते. रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं, जाता-येताचं दोन्ही एकदमच काढा. येतानाचं नंतर बघू म्हटलं की संपलं, सुट्टीच्या संध्याकाळी पोरांना घेऊन जनरलमध्ये चढणं अशक्यच आहे. सकाळी नाशिकला स्वेटर लागतो आणि दादरला उतरलं की घाम, त्यामुळे एक मोठी रिकामी पिशवी ठेवा. पोळी-भाजी कल्याणच्या आतच खाऊन घेतली, त्याचा फार फायदा झाला.

सव्वादहाच्या आसपास दादर. तिथून लोकलने भायखळा, मध्ये परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि मग आपलं. लोकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, खिडकीवर मोठी रांग होती, मशीनवर पटकन मिळालं. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी लोकल बंद ठेवतात तो) कुठल्या लाइनवर आहे ते आदल्या दिवशी बघाच. भायखळ्याला पूर्वेला उतरायचं, बाग चालत 10-15 मिनिटं, आईसाठी आम्ही टॅक्सी केली.

बाग बुधवारी बंद असते हे लक्षात ठेवा. मागच्या वर्षी आम्ही नेमके बुधवारी गेलो आणि गेटवरून मुलांना रडत परत आणलं. बुधवारी सरकारी सुट्टी असेल तर उघडी असते, मग दुसऱ्या दिवशी बंद. 2 मोठे आणि 2 मुलं मिळून 100 रुपये, आईचं वेगळं 50.

आत शिरल्यावर आधी पेंग्विन. दुपारनंतर तिथली रांग बघवत नाही, आणि लहान मुलांना काचेपर्यंत पोचताच येत नाही. आम्ही आधीच गेलो म्हणून धाकटा काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभा होता, पेंग्विन पोहत समोर आला की ओरडायचा. तेवढ्यासाठीसुद्धा ही ट्रिप करावी. मग बिबट्या, अस्वल, आणि पक्ष्यांचा मोठा पिंजरा ज्यात आपण आतूनच चालत जातो. आईला मात्र झाडं आवडली, गोरखचिंचेचा एवढा जाड बुंधा तिने पहिल्यांदाच बघितला, ती तिथेच बाकावर बसली आणि आम्ही फिरून आलो. म्हाताऱ्या माणसांसाठी ही जागा खरंच चांगली, सावली भरपूर.

साडेचारला निघालोच. परतीची पंचवटी सव्वासहाला सीएसएमटीहून सुटते, ती दादरला पकडू नका, रिझर्व्हेशन असलं तरी दादरला पोरं आणि सामान घेऊन आत शिरताना हाल होतात. संध्याकाळी सगळी गर्दी सीएसएमटीहून बाहेर पडत असते, त्यामुळे भायखळ्याहून उलट दिशेची लोकल त्या मानाने रिकामी मिळते. वेळ उरला म्हणून मुलांना सीएसएमटीची इमारत बाहेरून नीट दाखवली, 2004 पासून ती जागतिक वारशात आहे.

कसाऱ्याला घाटासाठी मागे इंजिनं लागतात, थोरला ते बघायला जागा राहिला. इगतपुरीपासून परत स्वेटर. नाशिकरोडला पावणेदहा वाजतात आणि बाहेर रिक्षासाठी झुंबड असते, म्हणून सकाळी सोडायला आलेल्या रिक्षावाल्यालाच परत यायला सांगून ठेवा.