लव्हाळ्याचा दिवा आणि बोंबललेला स्मोक अलार्म

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयोत येऊन तिसरं वर्ष लागलं, पण घरासमोरच्या पाणथळ शेतात जे हिरवं टोकदार गवत माजलेलं असतं ते म्हणजे इथला जुन्या काळचा लाइट, हे मला ऑगस्टपर्यंत माहीत नव्हतं. दिसतं आपल्या लव्हाळ्यासारखंच, इथे रश म्हणतात. कॅसलबारजवळ टर्लोला खेड्यातल्या जगण्याचं नॅशनल म्युझियम आहे (फुकट आहे, आलात तर जाच), तिथे लाकडी ठोकळ्यावर बसवलेला लोखंडी चिमटा बघितला, मला वाटलं अडकित्त्याचा कोणीतरी भाऊ असेल, तर तो निघाला रशलाइटचा स्टँड!

शेजारच्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, ये, दाखवते. रश भिजवून त्याची हिरवी साल सोलायची, पण सगळी नाही, एक बारीक पट्टी ठेवायची, नाहीतर आतला पांढरा गाभा तुटतो. तो गाभा म्हणजे अगदी थर्माकोल, तीच वात. माझे पहिले आठ तुटले, आजी नुसत्या हसत होत्या. मग वाळवायचं आणि वितळलेल्या चरबीतून ओढून काढायचं. चरबी मेंढीची. मी सदाशिव पेठेतली, माहेरी अंडंसुद्धा नाही, आणि इथे माझ्या किचनमध्ये हा वास... स्मोक अलार्म इतका बोंबलला की नवरा मीटिंग सोडून खाली धावत आला.

पण पेटतं मस्त! चिमटा नव्हता म्हणून पुण्याहून आणलेल्या सांडशीत तिरकं धरलं, जळत जाईल तसं वर सरकवायचं, म्हणजे एक माणूस त्याच ड्युटीवर. वीसेक मिनिटं चाललं, उजेड पणतीएवढा.

आजींची आई सांगायची की महायुद्धात रॉकेल रेशनवर गेलं तेव्हा घरात परत हेच दिवे आले. इथल्या ग्रामीण वीजयोजनेचा पहिला खांबच मुळी ५ नोव्हेंबर १९४६ ला उभा राहिला, तोही डब्लिनजवळ, मग पश्चिमेकडच्या वाडीवस्त्यांचं काय ते तुम्हीच समजा.

याच रशचा सेंट ब्रिजिड या इथल्या संत बाईंचा क्रॉसही विणतात, एक फेब्रुवारीच्या त्यांच्या सणाच्या आदल्या रात्री. २०२३ पासून त्या सणाची सरकारी सुट्टीपण मिळते. आजींनी आत्ताच बोलावून ठेवलंय, त्यात चरबी नाही हे मी दोनदा विचारून घेतलं.

उरलेले सात दिवे नवऱ्याच्या हुकमावरून गॅरेजमध्ये गेलेत. दिवाळीला तेलाच्याच पणत्या.