‘सोशल’चा रकाना

२०२१ च्या मार्चमधली ती दुपार आठवली की अजून डोकं तापतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोतलं औषधांचं एक मोठं दुकान, कोविडच्या लशीचं काउंटर, आणि शेजारच्या दोन्या बाही वर करून उभ्या. बाही वर आणि दंड रिकामा, असं चाळीस मिनिटं.

दोन्या म्हणजे आपल्याकडे नावापुढे आदराने ‘बाई’ लावतात तसं. त्या मूळच्या मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या, वय अठ्ठावन्न, काम संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये. मी तासगावची. कुंपणावरून त्यांनी पहिल्यांदा बेदाणे दिले, तेव्हा मी विचारलं, कसे वाळवता? इथे वेलींच्या ओळींमध्ये जमिनीवर कागद पसरून उन्हात वाळवतात, आमच्याकडे शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत. तिथून आमची ओळख वाढली. त्या मला ‘मिहा’ म्हणतात, म्हणजे पोरी.

शेतीत आणि शेतमालाच्या कामात असलेल्यांचा नंबर लागला होता. अपॉइंटमेंट मी माझ्या फोनवरून घेतली, त्यात काही अडलं नाही. अडलं काउंटरवर. मुलाने विचारलं, इन्शुरन्स? नाही. मग सोशल सिक्युरिटी नंबर सांगा. म्हणजे अमेरिकन सरकारने दिलेला क्रमांक, बोलताना नुसतं ‘सोशल’. तोही नाही. तो नंबर का नाही, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मुलगा म्हणाला, हा रकाना भरल्याशिवाय स्क्रीन पुढे जात नाही. मी म्हटलं, सरकारने सांगितलंय की लस सगळ्यांना फुकट आहे, कागदपत्रं असोत नसोत. तो म्हणाला, मॅडम, सिस्टीम घेत नाही. मॅनेजर आला. त्याने कुठेतरी फोन लावला, फोनवर गाणं वाजत राहिलं. मागची रांग वाढली. कुणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला. दोन्यांनी बाही खाली ओढली, बटण लावलं आणि म्हणाल्या, “मिहा, चल.”

गाडीत मी तणतणत होते, त्या गप्प. त्यांच्यासाठी तो नुसता फॉर्म नव्हता. नाव, पत्ता आणि ‘नंबर नाही’ ही गोष्ट चार लोकांसमोर मोठ्याने बोलली गेली होती. संध्याकाळी त्यांनी हे नणंदेला सांगितलं, नणंदेने सुनेला. एका काउंटरवर एका घरातल्या तीन बायका लशीपासून दूर गेल्या. पुढे कुणी म्हणालं की ‘ही माणसं लशीला घाबरतात’, की माझ्या डोळ्यांसमोर ते बटण येतं.

नंतर मी हट्टाने शोध घेतला. तो नंबर लशीसाठी लागतच नव्हता, बिलासाठी लागत होता. इन्शुरन्स नसलेल्यांच्या लशीचे पैसे दुकानाला केंद्राच्या एका निधीतून मिळायचे आणि त्या दाव्यात नंबर विचारलेला असे. पण माणसाकडे नंबर नसेल, तर ‘आम्ही विचारला, त्यांच्याकडे नव्हता’ एवढं दुकानाने लिहून दिलं की भागत होतं. एवढ्यासाठी आम्ही परत आलो होतो. त्या मुलाला दोष देत नाही, त्याला कुणी हे शिकवलंच नव्हतं.

मी दोन्यांना सरकारी निवेदनही वाचून दाखवलं. १ फेब्रुवारी २०२१ रोजी होमलँड सिक्युरिटी, म्हणजे इमिग्रेशन बघणाऱ्या खात्याने जाहीर केलं होतं की लसीकरण केंद्रांवर किंवा त्यांच्या आसपास नेहमीची धरपकड होणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि भांडी घासायला लागल्या. २०१९ च्या ‘पब्लिक चार्ज’ नियमानंतर, म्हणजे सरकारी मदत घेणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारता येईल अशा नियमानंतर, त्यांच्या ओळखीतल्या लोकांनी मुलांचं दवाखान्यात जाणंसुद्धा कमी केलं होतं. फोनवरच्या इंग्रजी कागदाने ती भीती जाणार नव्हती. मी कितीही जवळची असले तरी त्या भीतीतून गेलेली नव्हते.

एक गोष्ट इथेच लिहायला हवी. त्याच फेब्रुवारीत आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर लशीचा एक ‘कोड’ फिरत आला होता. तो काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांसाठी राखलेल्या अपॉइंटमेंटचा होता. असे कोड घरी बसून काम करणाऱ्यांच्या हाती पडल्याचं वर्तमानपत्रांत आलं आणि राज्याला ती पद्धत बदलावी लागली. मी कोड वापरला नाही, पण ग्रुपवर ‘हा आपला नाही’ असंही लिहिलं नाही. दोन्यांची बाही खाली जाताना मला तो मेसेज आठवला.

वाट सापडली ती रविवारच्या बाजारात. त्याला इथले लोक रेमाते म्हणतात: जुने कपडे, अवजारं, कापलेला आंबा, मोठमोठ्याने गाणी. एका टेबलाशी प्रोमोतोरा बसली होती. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच, आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेली बाई, साधारण आपल्या आशाताईंसारखी. तिने दोन्यांना आधी गाव विचारलं. मग कुणाच्या घरातल्या, आई आहे का, सणाला गावी गेला होतात का. दहा मिनिटं लशीचा शब्द नाही! मी घड्याळ बघत होते, आणि ती घाई चूक होती. मग दोन्यांनीच विचारलं, “सोशल मागतात का?” ती म्हणाली, “नाही. नाव आणि जन्मतारीख. मी स्वतः तिथे टेबलावर असते.” आणि तिने स्वतःला लस घेतल्यावर दोन दिवस हात कसा दुखला ते सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी पाच ते आठ, चर्चच्या हॉलमध्ये. कामावरून परस्पर येता येईल अशी वेळ. स्पॅनिश बोलणाऱ्या नर्स, आणि एका टेबलावर मिश्तेको बोलणारी मुलगी, कारण ओआहाकाच्या कित्येकांची स्पॅनिशही मातृभाषा नव्हे. मॉडर्नाची लस, पंधरा मिनिटं खुर्चीवर, शेजारी कॉफी आणि पान दुल्से, म्हणजे गोड पाव. सगळं मिळून अर्धा तास. मला रडू आलं.

आता जे सांगायचं राहिलं ते. कुणाला घेऊन जाणार असाल तर आधी फोन करून सरळ विचारा: इन्शुरन्स नसेल तर चालतं का, कुठला नंबर मागता का, त्यांची भाषा बोलणारं कुणी आहे का. उत्तर चाचरत आलं तर दुसरीकडे जा. केंद्राच्या अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवू शकत नाहीत, फी उत्पन्नाप्रमाणे असते. इन्शुरन्स नसलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत सरकारी योजनेतून लशी मिळतात, ती योजना १९९४ पासून चालू आहे. दुसऱ्या डोसनंतर ताप येऊ शकतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या कामाचं आधी बघा. त्या वर्षी कॅलिफोर्नियात पंचवीसपेक्षा जास्त कामगार असलेल्या मालकांना त्यासाठी भरपगारी रजा द्यावी लागत होती, पण शेडमध्ये कुणी ते सांगितलं नव्हतं.

आणि नाव! त्यांच्याकडे दोन आडनावं, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. पहिल्या डोसला एक लिहिलं गेलं, अठ्ठावीस दिवसांनी दुसऱ्याला दोन्ही. जूनमध्ये राज्याने डिजिटल दाखला सुरू केला, तर त्यात दोन्यांचा एकच डोस. वडिलांचं नाव मध्ये असल्यामुळे मी स्वतः इथे किती फॉर्मांत अडकलेय, तरी हे माझ्या लक्षात आलं नाही. दोन्ही वेळी कार्डावर अक्षर न् अक्षर सारखं लिहून घ्या. दुरुस्ती लस दिलेल्या ठिकाणी करून मिळते. प्रोमोतोराने ती करून दिली.

दाखला आल्या दिवशी दोन्यांनी तो नणंदेला पाठवला आणि स्पीकरवर विचारलं, गुरुवारी कितीला येतेस? नणंद म्हणाली, “सोशल?” दोन्या म्हणाल्या, “नाही मागत. मी येते बरोबर.”